एका कॉलमची भानगड

ईव्हेंटडेट नावाचा एक कॉलम होता. फ्लोरिडाच्या आरोग्य खात्याच्या कोविड डॅशबोर्डवरून जी फाइल डाउनलोड व्हायची त्यात दर पेशंटची एक ओळ, आणि त्या ओळीत काउंटी (म्हणजे जिल्हा), वय, बाई की पुरुष, राज्याचा रहिवासी की बाहेरचा, प्रवास करून आलाय का, हॉस्पिटलात आहे का, गेला का, आणि शेवटी शेवटी तारखा. त्यातली एक केस मोजली गेल्याची, आणि दुसरी ही ईव्हेंटडेट, म्हणजे त्या माणसाला पहिल्यांदा त्रास सुरू झाला असावा तो दिवस. नाव नाही, पत्ता नाही. नुसतं वय, बाई, अमुक काउंटी, प्रवास नाही, संपर्क माहीत नाही, आणि तारीख.

मला हे माहीत असायचं कारण आमची ताई. मावसबहीण, टॅम्पाला असते, आणि २०२० च्या एप्रिल-मेमध्ये आपण सगळे घरात कोंडलेलो असताना फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी तिची चौकशी व्हायची. मी पोटापाण्यासाठी नकाशे करतो, म्हणजे जीआयएस, आणि ज्या एस्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये माझा दिवस जातो त्याच्यावरच तो डॅशबोर्ड उभा होता, त्यामुळे ताईला विचारायच्या आधी मीच जाऊन बघायचो की तिच्या हिल्सबरो काउंटीत आज काय चाललंय. चांगला होता तो, खरंच चांगला होता. व्हाइट हाउसच्या कोविड टीममधल्या डॉ. डेबोरा बर्क्स यांनी टीव्हीवर त्याचं कौतुक केलेलं. पण मला आवडायचं ते रंग-बिंग नाही, मला आवडायचं ते डाउनलोडचं बटण. ग्राफ कुणीही सुंदर काढतो हो. खालचा कच्चा माल हातात देणारे कमी.

हा डॅशबोर्ड बांधणारी बाई म्हणजे रिबेका जोन्स. शिक्षणाने भूगोलवाली, खात्यात जीआयएस मॅनेजर. पुढच्या दोन-अडीच वर्षांत ती अर्ध्या अमेरिकेसाठी झाशीची राणी झाली आणि उरलेल्या अर्ध्यासाठी खोटारडी, आणि आजही तिचं नाव काढलं की लोक आधी तुमचा पक्ष कुठला ते चाचपतात. ताई आणि भाऊजी एकाच घरात राहून या विषयावर दोन टोकांना आहेत, त्यामुळे मला दोन्ही बाजूंच्या लिंका फुकटात मिळत राहिल्या. त्या वाचून वाचून माझं जे काही मत झालंय ते एकदाचं लिहून टाकतो.

तर तो कॉलम. फ्लोरिडाने पहिल्या केसेस जाहीर केल्या १ मार्च २०२० ला. आणि या फाइलमध्ये बऱ्याच ओळींच्या ईव्हेंटडेट होत्या जानेवारीतल्या, फेब्रुवारीतल्या. पाम बीच पोस्टच्या पत्रकारांनी मोजल्या, तर असे १७१ जण निघाले. म्हणजे सरकार जेव्हा म्हणत होतं की कोविड अजून आमच्याकडे आलेला नाही, तेव्हा तो कदाचित आलेला होता, आणि यातल्या बऱ्याच जणांनी कुठे प्रवासही केलेला नव्हता. पत्रकारांनी खात्याला विचारलं. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तो कॉलम गायब झाला. नेमका तोच आठवडा ज्यात गव्हर्नर रॉन डिसँटिस राज्य उघडत होते, ४ मे पासून पहिला टप्पा, दक्षिणेकडच्या तीन मोठ्या काउंट्या सोडून.

इथे जरा थांबतो, कारण धंद्यातला माणूस म्हणून माझं म्हणणं आहे की तो कॉलम घाण होता. घाण म्हणजे डेटावाले म्हणतात तसा, मळका. एप्रिलमध्ये पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला फोनवर विचारायचं की तुम्हाला पहिल्यांदा कधी बरं वाटेनासं झालं, आणि तो म्हणणार फेब्रुवारीत खोकला झालेला बघा. आता तो खोकला कशाचा, देव जाणे, थंडीचे दिवस, फ्लूचा सीझन. शिवाय टाइप करणाऱ्याने महिना चुकवला की झालंच. तेव्हा १७१ मधले किती खरे कोविड हे त्या फाइलवरून कुणालाच सांगता आलं नसतं. पण म्हणून कॉलम काढून टाकायचा? खाली एक ओळ टाका ना, की बाबांनो ही तारीख पेशंटने सांगितलेली आहे, जपून वापरा. साथरोगाचा अभ्यास करणाऱ्याला हीच तारीख लागते. केस कधी मोजली गेली यावरून लॅब किती फास्ट आहे एवढंच कळतं, साथ कधी आली ते कळतं लक्षणांच्या तारखेवरून.

टॅम्पा बे टाइम्सने नंतर त्या दिवसाचे ऑफिसातले ईमेल छापले. फ्लोरिडात सरकारी ईमेल मागितले की द्यावे लागतात, तिथला सार्वजनिक नोंदींचा कायदा भलता कडक आहे. त्या मेलांमध्ये दिसतं ते असं: आयटीचे साहेब क्रेग करी रिबेकाला कळवतात की डॉ. ब्लॅकमोर यांच्या सांगण्यावरून (या राज्याच्या साथरोग विभागाच्या वरिष्ठ) डॅशबोर्डवरून डेटा फाइलमध्ये घ्यायची सोय ताबडतोब बंद कर, रोज जी पीडीएफ यादी निघते तिच्यातल्या तारखांशी सगळ्या तारखा जुळल्या पाहिजेत. ती बंद करते आणि लिहिते की हा निर्णय चुकीचा आहे. संध्याकाळपर्यंत परत चालू करायला परवानगी मिळते. आणि ५ मेला डॅशबोर्डच तिच्याकडून काढून घेतात.

एवढंच. खरंच एवढंच आहे ते, कागदावर असलेलं, दोन्ही बाजूंना मान्य असलेलं. एक कॉलम काही तास गेला आणि परत आला.

मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि गंमत म्हणजे सगळ्यात कमी बोललं जातं ते यावरच. कारण यात ना कोणी नायक आहे ना कोणी राक्षस. एक साहेब म्हणतो दोन ठिकाणच्या तारखा जुळत नाहीत, पत्रकार प्रश्न विचारतायत, आधी बंद कर मग बघू. कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला ही भाषा पाठ असते. बंद करणारा असं कधीच म्हणत नाही की मला लपवायचंय. तो म्हणतो कन्फ्यूजन नको.

माझ्याकडचंच सांगतो. एका ठिकाणी आम्ही वॉर्डांचे नकाशे करायचो, कुठल्या तापाचे ते सोडा, आणि एका मीटिंगनंतर निरोप आला की नकाशा फार लाल दिसतोय. आकडे बदला असं कुणी म्हटलं नाही, तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, नाही म्हणता आलं असतं. म्हणे रंगांचे गट जरा बघा. आता रंगांचे गट म्हणजे काय, की शून्य ते दहा पिवळा, दहा ते वीस केशरी, वीसच्या वर लाल असं असेल तर ते शून्य ते वीस पिवळा, वीस ते चाळीस केशरी असं करायचं. दोन क्लिकचं काम. एकही आकडा हलला नाही, टेबल जसंच्या तसं, आणि अर्धं शहर पिवळं झालं. साहेब म्हणाले आता कसं छान दिसतंय. मी खाली लेजेंडमध्ये, म्हणजे रंगांच्या सूचीत, नवे गट नीट दिसतील अशा अक्षरात लिहिले आणि आधीचा नकाशाही फोल्डरमध्ये ठेवला, यापलीकडे काही केलं नाही. ती फेरफार होती का? मला अजूनही शपथेवर सांगता येणार नाही. गट कुठे तोडायचे याला काही वेदातलं प्रमाण नसतं.

तर रिबेका जोन्स ही अशा जागी उभी होती, आणि तिने आरडाओरडा केला. १५ मेला तिने डॅशबोर्ड वापरणाऱ्या संशोधकांना वगैरे एक मेल पाठवली, की आता हे काम माझ्याकडे नाही, आणि नवी टीम डेटा पूर्वीइतकाच सहज मिळू देईल आणि पूर्वीइतकीच पारदर्शकता ठेवेल अशी अपेक्षा ठेवू नका, या दोन गोष्टींचा आग्रह हेच मला काढण्याचं बहुतेक कारण आहे. मग एका स्थानिक टीव्ही चॅनलला तिने सांगितलं की राज्य उघडण्याच्या प्लॅनला पाठिंबा मिळावा म्हणून मला हाताने डेटा बदलायला सांगितलं होतं. १८ मेला तिला नोकरीवरून काढलं.

आणि लगेच डिसँटिस यांनी पत्रकार परिषदेत तिचीच दुसरी एक मेल वाचून दाखवली, तिने आपल्या साहेबांना पाठवलेली. त्यात ती म्हणते की अहो माझ्या त्या मेलचा अर्थ एवढाच होता की नवी टीम बिझी आहे, ते सगळ्यांच्या प्रश्नांना लगेच उत्तरं देऊ शकणार नाहीत, आणि मी दोन महिने सलग काम करून थकलेय. झालं. भाऊजींचं म्हणणं, बघ, खोटं बोलली. ताईचं म्हणणं, नोकरी जाणार दिसल्यावर माणूस साहेबाला काय लिहील, हेच लिहील ना.

मला ताईचं पटतं पण अर्धंच. साहेबाला सारवासारव करणारी मेल लिहिणं हे मी समजू शकतो, कुणीही समजू शकेल. पण पुढे जाऊन जगासमोर म्हणायचं असेल की मला आकडे बदलायला सांगितले, तर मग कुठला आकडा, कुणी, कधी, आधी किती होता आणि नंतर किती, हे टेबलावर यायला हवं. तिचं म्हणणं होतं की ग्रामीण काउंट्या उघडायला पात्र दिसाव्यात म्हणून पॉझिटिव्हिटीचे (शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह याचे) निकष आणि आकडे वळवायला सांगितलं. आता पॉझिटिव्हिटी ही अशी चीज आहे की भागाकारात वर काय घेता आणि खाली काय घेता यावर पाचाचे दहा होतात. एकाच माणसाच्या पाच टेस्ट पाच मोजायच्या की एक? पहिल्यांदाच टेस्ट झालेले लोक घ्यायचे की सगळ्या टेस्ट? दोन्ही पद्धती छापील पुस्तकात सापडतात, आणि साहेबाने दुसरी पद्धत घे म्हटलं तर ते मतभेद की खोटेपणा हे ठरवायला ती चर्चा कागदावर लागते.

डिसँटिस यांचं वागणं याहून वाईट, हेही सांगून टाकतो. उपराष्ट्राध्यक्ष पेन्स शेजारी असताना हे गृहस्थ सांगतात की ती डेटा सायंटिस्ट नाहीच, तिची डिग्री पत्रकारितेची आणि भूगोलाची, आणि तिच्यावर सायबरस्टॉकिंगची (इंटरनेटवरून छळल्याची) फौजदारी केस चालू आहे. केस होती, खरी होती. पण प्रश्न होता फाइलमधला कॉलम का गेला. त्याचं उत्तर देताना तिच्या आयुष्यातलं जुनं प्रकरण कशाला? आणि भूगोलवाल्यांनी डॅशबोर्ड नाही करायचे तर कुणी करायचे हो? (हे मला जरा लागलं, कबूल.) तिने तो डॅशबोर्ड चालवला तेव्हा डिग्री चालली, कौतुक झालं तेव्हाही चालली.

मग जूनमध्ये तिने स्वतःचा डॅशबोर्ड काढला. राज्याचाच उघडा डेटा घेऊन, फक्त मांडणी वेगळी. आणि तिचे आकडे राज्यापेक्षा जास्त दिसायचे. लोकांना वाटलं हा बघा लपवलेला आकडा. तर तसं नव्हतं. ती फ्लोरिडात वारलेले बाहेरचे लोकही मृत्यूंच्या बेरजेत धरायची, अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आलेलेही मोजायची, आणि हे सगळे आकडे राज्य स्वतःच कुठे ना कुठे छापत होतं. फ्लोरिडात हिवाळ्यात बर्फाळ राज्यांमधले म्हातारेकोतारे येऊन राहतात, त्यांना तिथे स्नोबर्ड म्हणतात, त्यातला एखादा मायामीत गेला तर तो फ्लोरिडाचा मृत्यू की न्यूयॉर्कचा? मोजणीचा नियम म्हणतो घर जिथे तिथला. हॉस्पिटलच्या बेडचं गणित म्हणतं मेला जिथे तिथला. दोन्ही खरं. पण "त्यांनी लपवलं, मी उघड केलं" अशा भाषेत ते मांडलं की खरं असूनही ते चुकीचं ऐकू येतं, आणि पुढे पुढे तिची भाषा तशी होत गेली. राज्याने मृत्यू दडवले, ओळी पुसल्या, असे आरोप आले आणि त्यांना आधार मिळाला नाही. खरं तर त्या काळात फ्लोरिडा इतर बऱ्याच राज्यांपेक्षा जास्त डेटा उघडा ठेवत होतं, आणि हे तिच्याच कामामुळे होतं, ही यातली सगळ्यात कडू गोष्ट.

छापा पडला ७ डिसेंबर २०२० ला. कारण असं की १० नोव्हेंबरला खात्याच्या आणीबाणीच्या मेसेज सिस्टिमवरून सुमारे १,७५० लोकांना एक मेसेज गेला, की अजून १७,००० लोक मरायच्या आत बोला, हे चुकीचं आहे हे तुम्हाला माहीत आहे, हिरो व्हा. पोलिसांनी आयपी अ‍ॅड्रेस काढला तो तिच्या घरच्या इंटरनेटचा निघाला. राज्याची राजधानी टॅलहासी, तिथल्या तिच्या घरात पिस्तुलं काढून माणसं शिरली, वर मुलं होती, तिने कॅमेरा लावून ठेवलेला, तो व्हिडिओ तिने टाकला आणि जगभर फिरला. पोलीस म्हणाले आम्ही वीस मिनिटं दार वाजवत होतो, फोन केला, तिने फोन ठेवला. ती म्हणाली मुलांवर पिस्तुल रोखलं, ते म्हणाले नाही रोखलं. दुसऱ्याच दिवशी रॉन फिलिपकोव्स्की नावाच्या एका वकिलाने, स्वतः रिपब्लिकन, न्यायाधीश निवडणाऱ्या राज्याच्या समितीचा राजीनामा दिला या छाप्याच्या निषेधार्थ.

आणि ती मेसेज सिस्टिम! सगळ्या ग्रुपला मिळून एकच युजरनेम आणि एकच पासवर्ड, आणि तो खात्याच्याच एका पीडीएफमध्ये, इंटरनेटवर, कुणालाही सापडेल असा पडलेला. हे वाचून मी एकटाच हसलो. काही गोष्टी टॅलहासी काय आणि आपल्याकडे काय, सारख्याच.

ती मात्र म्हणत राहिली की मेसेज मी पाठवला नाही. सीएनएनवर तिने दिलेला बचाव माझ्या डोक्यातून जात नाही. तिचं म्हणणं, त्या मेसेजमध्ये मृत्यूंचा आकडाच चूक आहे, चारशेहून जास्त मृत्यू कमी धरलेत, आणि मी चारशे मृत्यू असे राउंड डाउन कधीच करणार नाही. आता कोर्टात याला काही किंमत नाही. पण आकड्यांबरोबर जगणाऱ्या माणसाला कळतं की हे वाक्य असंच सुचत नाही. ते वाचल्यावर मी ताईला मेसेज केला की हिने नसेल पाठवला. भाऊजींनी त्यावर फक्त अंगठा टाकला.

जानेवारी २०२१ मध्ये तिला अटक, ती स्वतःच हजर झाली, एक गुन्हा, संगणकात विनापरवाना शिरल्याचा, शिवाय संपर्कांची मोठी यादी उतरवून घेतल्याचं त्यात. आणि डिसेंबर २०२२ मध्ये खटला न चालता तडजोड झाली: २०,००० डॉलर तपासाचा खर्च म्हणून भरायचे, १५० तास समाजसेवा, दर महिन्याला मानसोपचारवाल्यांकडे जायचं, आणि गुन्हा केल्याचं मान्य असल्याच्या कागदावर सही. हे सगळं पाळलं की खटला बंद. सही केली तिने. भाऊजींनी ती बातमी ग्रुपवर टाकली, यावेळी सोबत काहीच लिहिलं नाही, आणि ताईनेही काही लिहिलं नाही.

त्या सहीचा अर्थ काय लावायचा? अमेरिकेत असल्या तडजोडीवर कितीतरी लोक सह्या करतात कारण खटला लढणं परवडत नाही आणि हरलं तर तुरुंग असतो. ते मान्य. पण "मी केलं" या वाक्याखाली सही आहे तर ती आहे, आणि रिबेकाचे भक्त त्या सहीला जागाच द्यायला तयार नाहीत. राउंड डाउनचं ते वाक्य मला पटलं होतं हेही खरं आणि त्याच्यासमोर आता हा कागद आहे. मी दोन्ही ठेवून दिलेत.

मधल्या काळात दोन सरकारी निकाल आले आणि दोन्ही लोकांनी आपापल्या सोयीने वाचले. मे २०२१ मध्ये आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या ऑफिसने तिला व्हिसलब्लोअरचं (आतला गैरप्रकार उघड करणाऱ्याला मिळतं ते) संरक्षण दिलं. ताईच्या बाजूने दिवाळी. पण त्याचा अर्थ तिचं म्हणणं खरं ठरलं असा नव्हता हो, अर्थ इतकाच की तिने दिलेली माहिती कायद्याच्या व्याख्येत बसते, आता चौकशी होईल. आणि मग मे २०२२ मध्ये त्याच ऑफिसचा अहवाल आला, की आकडे खोटे करायला सांगितल्याचा पुरेसा पुरावा नाही. भाऊजींची दिवाळी. पण त्यातही डेटा लोकांना मिळण्यावर मर्यादा आणल्याच्या मुद्द्यावरचा शेरा बघा: अशी गोष्ट घडली, पण ती कायदेशीर आणि योग्य होती. म्हणजे झालं ते झालंच. फक्त त्याला हरकत घ्यायचं कारण नाही असं खात्याच्या इन्स्पेक्टरने खात्याबद्दल ठरवलं. आता खात्याचाच तपासणी अधिकारी, तेव्हा किती वजन द्यायचं ते ज्याने त्याने बघावं, पण मी त्याला फेकून नाही देणार. पुरावा नाही म्हटलंय तर पुरावा समोर आलेला नाही हे तर खरंच आहे. चार वर्षं वाचतोय मी, मला तरी तो बदललेला आकडा कुठे दिसला नाही.

याच दरम्यान ती निवडणुकीलाही उभी राहिली, तेव्हाचे रिपब्लिकन खासदार मॅट गेट्झ यांच्याविरुद्ध, अमेरिकी संसदेसाठी, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात दणकून हरली. त्यावर मला फारसं काही म्हणायचं नाही. एकदा माणूस पोस्टरवर गेला की त्याच्या एक्सेलकडे कुणी बघत नाही.

आपल्याकडे असं काही झालं नाही असं म्हणता येईल का? १६ जून २०२० ला महाराष्ट्राने एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू यादीत टाकले, त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे. कारण दिलं की हॉस्पिटलं, महापालिका, आयसीएमआरचं पोर्टल यांचा मेळ बसत नव्हता. असेलही, मी असल्या याद्या जुळवल्यात, एकाच माणसाचं नाव तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी येतं. पण ८६२ जणांच्या घरच्यांना ते कधीचं माहीत होतं, आपल्याला ग्राफमध्ये एक उभी रेघ दिसली तेव्हा कळलं. आणि त्या रेघेमागे कुठली रिबेका नव्हती. कुणा क्लार्कने कधी साहेबाला "हे चूक आहे" असं लिहिलं असेल तर ते आपल्यापर्यंत आलं नाही. देशाचं बघायचं तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातले दोन वर्षांतले जादा मृत्यू अंदाजे ४७ लाख धरले, सरकारी आकड्याच्या जवळपास दहापट, आणि सरकारने त्या गणितावर कडक आक्षेप घेतला. आपला व्हिसलब्लोअर संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये पास झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि मी हे लिहितोय तोवर तो लागू झालेला नाही. फ्लोरिडात निदान भांडायला एक फॉर्म तरी होता.

आता फ्लोरिडाचं पुढचं, कारण खरी गंमत नंतर आहे, आणि तोपर्यंत रिबेका डॅशबोर्डपासून केव्हाच लांब गेलेली. जून २०२१ मध्ये राज्याने रोजचा अहवाल बंद करून आठवड्याचा केला, काउंटीवार मृत्यू देणं थांबवलं. मग ऑगस्टमध्ये, डेल्टाची लाट ऐन भरात असताना, मृत्यू मांडायची पद्धत बदलली. आधी मृत्यू कळवला गेला ती तारीख जायची, आता प्रत्यक्ष मृत्यूची तारीख. ऐकायला किती योग्य! साथरोगवालेही म्हणतील हेच बरोबर. पण मृत्यू कळायला आठवडे लागतात, त्यामुळे या पद्धतीत शेवटचे काही दिवस नेहमीच रिकामे दिसतात, ते नंतर भरत जातात. म्हणजे कुठल्याही दिवशी ग्राफ उघडा, लाट ओसरतेय असंच दिसणार. उद्या उघडा, उद्याही ओसरतेय. मायामी हेरल्डने हे मांडलं. यात खोटा आकडा एकही नाही बरं का. हे मला रंगांच्या गटांसारखंच वाटलं, म्हणून तर डोकं फिरलं.

आणि २०२३ मध्ये पॉलिटिकोने दाखवलं की राज्याचे सर्जन जनरल, म्हणजे आरोग्य खात्याचे प्रमुख, जोसेफ लाडापो यांनी लशीच्या एका सरकारी अभ्यासात स्वतः बदल केले होते, तरुण पुरुषांना हृदयाचा धोका जास्त आहे असं निघावं अशा दिशेने. त्यांचं म्हणणं, सर्जन जनरलने अहवाल सुधारणं यात वावगं काय. पुन्हा तेच बघा. संपादन की फेरफार.

जुलै २०२१ मध्ये ऑर्लँडोकडचे त्यावेळचे आमदार कार्लोस गिलेर्मो स्मिथ यांनी फक्त आपल्या ऑरेंज काउंटीचा तपशील मागितला, केसेस, मृत्यू, वय वगैरे. खात्याने नाही म्हटलं. ते कोर्टात गेले, सोबत सरकारी कारभार उघडा राहावा म्हणून लढणारी एक संस्था, मग काही वृत्तपत्रंही आली. खात्याने कोर्टात भूमिका घेतली की तुम्ही मागताय तसा रेकॉर्ड अस्तित्वातच नाही. वकिलांनी पिच्छा सोडला नाही, खात्याच्या लोकांच्या जबान्या घ्यायची वेळ आली, आणि तो सापडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तडजोड झाली: पुढची ३ वर्षं काउंटीवार, वयवार, लसवार डेटा वेबसाइटवर टाकायचा, आणि समोरच्यांच्या वकिलांची फी १,५२,२५० डॉलर खात्याने भरायची.

ना छापा, ना व्हिडिओ. मी ही बातमी ग्रुपवर टाकली तर ताईने विचारलं, यात रिबेकाचं काय? काहीच नाही म्हटलं, ती यात नाहीच. मग कुणीच पुढे काही बोललं नाही, आणि संध्याकाळी भाऊजींनी भारत-न्यूझीलंड मॅचचा स्कोअर टाकला.